वीस मिनिटांची झोप

नऊशे किलोमीटर आहे समुद्र
आमच्या मोहतोंडीपासून.
बैलांच्या कोठ्यात, जिथं आता बैल नाहीत,
ती पालथी पडून होती दोन वर्षं,
साडेसोळा फूट, पोट वर करून.

मे महिन्यात इपॉक्सी
वाटीतच दगड होते, धूर सोडते.
म्हणून पहाटे तीनला उठायचं,
सोनाराच्या काट्यावर हार्डनर तोलायचं,
आणि कोंबडा आरवेपर्यंत एक सांधा, फक्त एक.

एसटीच्या डेपोत तीस वर्षं पत्रे ठोकले मी.
वाकलेलं सरळ करणं हातात आहे.
इथं उलटं काम.
सरळ सागाच्या फळीला वाफ द्यायची,
दोर आवळायचा, थांबायचं,
पुन्हा थोडा आवळायचा.
पहिल्या तीन तडकल्या.
चौथीनं ऐकलं.

शीड शिवलं अन्सार टेलरनं,
शाळेच्या गणवेशांच्या घाईतून वेळ काढून.
सवयीनं विचारलं त्यानं,
'खिसा कुठं लावू?'

कण्यासाठी शिसं पाहिजे होतं.
घराघरांतून फाटकी जाळी मागितली,
त्यांच्या काठाच्या गोळ्या वितळवल्या.
लखाराम मारबत्याचं अख्खं जाळं आहे त्यात,
तो गेल्यापासून खुंटीला होतं.
कोपऱ्यात ठेवलाय तो ठोकळा.
चार जणांना हलत नाही.

आम्ही ढिवर.
आज्याचा डोंगा एकाच झाडाचा, आतून कोरलेला,
शिंगाड्यांच्या वेलांतून सरकायचा.
पण आमच्या पाण्याला कायम समोरचा काठ होता,
काठावर कुणाची तरी म्हैस,
आणि कुणीतरी ओरडायचंच,
'काय गावलं गा?'
जिथं हे विचारायला कुणी नसेल
अशा पाण्यात एकदा जायचंय.
सुगंधाला हे सांगितलेलं नाही.
तिला सांगितलं, मोंबासा.

पौषात खळ्यावर सूप उंच धरून
धान उपणतो आपण,
भूस उडतं नैर्ऋत्येकडं, परसाकडच्या चिंचेवर.
तोच वारा तिकडं
किनाऱ्यावरून नावा आफ्रिकेकडं ढकलतो.
हे नकाशात दिसलं त्या दिवशी
मी कोठा झाडून काढला.

एकट्या माणसानं समुद्रात
वीस मिनिटं झोपायचं म्हणतात.
उठायचं, चारी दिशा बघायच्या,
पुन्हा वीस मिनिटं.
हे कोणी मला शिकवायचं?
रानडुकरांपायी मचाणावर
अर्धं आयुष्य मी असाच झोपलोय.
तिथून ध्रुव दिसतो, पळसाच्या शेंड्याशी,
बरोब्बर एकवीस अंशांवर.
जाता जाता तो रोज थोडा खाली उतरेल,
आणि एका रात्री नसेल.
त्या रात्रीचं मी अजून काही ठरवलं नाही.

काल नऊ माणसांनी तिला सुलटी केली.
पोट्टे आत चढले, उतरवले.
पाण्यात टाकायच्या आधी
पाणी तिच्यात टाकून बघायचं होतं.
लाईन रात्री बाराला येते.
मोटर लावली, विहिरीचा पाईप आत सोडला.
गुडघाभर पाणी, त्यात कौलांच्या फटीतला चंद्र,
आणि एक बेडूक, कुठून आला कोण जाणे.

खाली गोणपाटावर मी, सुगंधा, एक टॉर्च.
वीस मिनिटं डोळा लावायचा,
उठून सगळे सांधे बघायचे,
पुन्हा आडवं व्हायचं.
झोपायची जागा तिच्यात एकच आहे,
माझ्या मापाची.
सुगंधानं ती केव्हाच बघून ठेवलीय.
काही बोलली नाही.

तिसऱ्या फेरीला
उजव्या अंगाच्या चौथ्या सांध्याखाली
एक थेंब.
मला आधी दिसलाच नाही.
तिनं तो बोटावर घेतला,
जिभेला लावला.
'गोडच हाये अजून.'
मग चुलीतल्या कोळशानं भोवती गोल काढला,
टॉर्च विझवली, कूस बदलली.
'सकाळी पानी वांग्यायले सोडजो.'